करावेतला भाडेकरू, स्पेनमधला ब्रिटिश आणि रहिवासाचा पुरावा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन धावपळी सुरू होतात. एक प्रवेशाची, दुसरी दाखल्यांची. पहिली सगळ्यांच्या घरात असते. दुसरीची झळ जास्त करून आपल्याच घरांना लागते.

मी करावे गावात भाड्याने राहतो. आमच्या मजल्यावर चार बौद्ध कुटुंबे आहेत. दोन मराठवाड्यातली, एक अकोल्याकडचे, आणि आम्ही साताऱ्याकडचे. गच्चीवर गेले की एनआरआय कॉम्प्लेक्सचे मनोरे दिसतात. सिडकोने ही वसाहत परदेशस्थ भारतीयांना डोळ्यांपुढे ठेवून उभारली. घर सोडून दूर गेलेला माणूस दोन्हीकडे आहे. पण दुबईला गेलेला तो 'अनिवासी भारतीय', आणि परभणीहून करावेला आलेला तो 'बाहेरचा'. इंग्रजीतही हाच भेद आहे. गोरा माणूस दुसऱ्या देशात राहायला गेला की तो 'एक्स्पॅट', बाकीचे सगळे 'मायग्रंट'.

या एक्स्पॅट मंडळींवर अलीकडे काय वेळ आली ते पाहण्यासारखे आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर तीन लाखांच्या आसपास ब्रिटिश नोंदणी करून राहतात. त्यात निवृत्त माणसे बरीच. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर त्यांना कोणी फारसे विचारले नाही. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला आणि ती तारीखच भिंत झाली. त्याआधीपासून तिथे रीतसर राहत असल्याचे दाखवता आले, तर हक्क शाबूत. नाही आले, तर इतर परकीयांसारखे १८० दिवसांत ९० दिवस राहा आणि निघा. वर्षानुवर्षे राहूनही ज्यांनी नोंदणीची तसदी घेतली नव्हती, ते जुनी वीजबिले शोधू लागले. परकीयांच्या ओळखपत्रासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यायची, ती वेळच मिळत नाही. मग 'खेस्तोर' नावाच्या माणसाला पैसे द्यायचे. तो तुमच्या वतीने सरकारी कागद करतो. आपल्या सेतू केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटाचा हा परवानाधारक भाऊ.

एका बाबतीत मात्र त्यांचे आणि आपले नशीब जुळत नाही. १ मे २०२२ पासून स्पेनमध्ये राहणाऱ्यांचे ब्रिटिश वाहन परवाने चालेनासे झाले. लगेच वर्तमानपत्रांत ओरड झाली, राजदूताला व्हिडिओ करून खुलासे द्यावे लागले, दोन सरकारे वाटाघाटीला बसली आणि १६ मार्च २०२३ पासून तोडगा लागू झाला. साडेदहा महिने लागले. त्या काळातही लोक फार वैतागले होते, आणि त्यांचा वैताग रास्त होता. पण आपल्या मजल्यावरच्या माणसासाठी असे टेबल कुठे मांडले जाते?

आपली भिंतही एक तारीखच आहे. १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. संविधानाच्या कलम ३४१ नुसार ही यादी राज्यापुरती असते. म्हणून जातीच्या दाखल्यासाठी मुळात विचारले जाते ते एवढेच: त्या तारखेला तुमचे कुटुंब कुठे राहत होते? तुम्ही आज कुठे राहता, हा प्रश्न नंतरचा.

मराठवाड्यातल्या शेजाऱ्यांचे आजोबा त्या दिवशी हैदराबाद राज्याचे रहिवासी होते. अकोल्याकडच्यांचे आजोबा मध्य प्रदेशाचे. महाराष्ट्र अजून जन्मला नव्हता. जुनी नोंद शोधायला तालुक्याच्या अभिलेख कक्षात जावे, तर कागद कधी मोडीत, कधी उर्दूत. आणि १९७२ च्या दुष्काळात भाकरीसाठी गाव सोडलेल्या भूमिहीन माणसाने सोबत भांडी नेली की कोतवाल बुकाची नक्कल?

त्यात आपली एक खास अडचण. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेत नाव घालताना अनेकांनी अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिले. राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीसाठी १९९० उजाडावे लागले. आता पडताळणी समितीपुढे उभे राहिले की वाडवडिलांच्या दाखल्यावरची 'महार' ही नोंद दाखवावी लागते. जे नाव टाकून आपण बाहेर पडलो, तेच शोधत नातवाने कचेऱ्या पालथ्या घालायच्या. मला याचा राग येतो. पण हक्क सोडायचा नसेल तर कागद हवाच, हेही खरे.

शेजारच्या राज्यातून आलेल्यांचे तर याहून वाईट. मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याचे कुटुंब आंध्रातून मुंबईत आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. इथेच वाढला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागितली. १९९० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नाही म्हटले: तुमची जमात आंध्रात अनुसूचित, इथे नाही. आज बिदर किंवा कलबुर्गीहून करावेला आलेल्या कुटुंबाला हाच नियम लागतो. घरात मराठी, भिंतीवर बाबासाहेब, पण महाराष्ट्राच्या सवलती नाहीत.

आता खालच्या पायरीवरचा कागद पाहू, साधा रहिवासाचा. अधिवासाच्या दाखल्याला महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आधार कार्ड पुढे करावे, तर आधार कायद्याचे कलम ९ च सांगते की तो अधिवासाचा पुरावा नाही. मग भाडेकरार. इथे करावेची गोष्ट वेगळी आहे. आपण राहतो ती घरे बहुतेक गरजेपोटी बांधलेली. सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट खुली झाली. गावठाणाबाहेरच्या घरांचा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला. म्हणजे घरमालकाच्या स्वतःच्या घराला कागद नाही. तो नोंदणीकृत करार करून द्यायला घाबरतो. त्याला शत्रू समजू नका, तोही याच व्यवस्थेचा मार खाल्लेला आहे. एकेकाळी नगरसेवकाच्या पत्रावर आधारचा पत्ता बदलून मिळायचा. मे २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला. पत्र द्यायला नगरसेवकच नव्हता.

इथे स्पेनकडून घेण्यासारखे एक आहे. तिथे प्रत्येक नगरपालिकेत 'पाद्रोन' म्हणजे रहिवाशांची नोंदवही असते. १९८५ च्या कायद्याने तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने त्यात नाव घालायचे असते, आणि नगरपालिकेने ते घालून घ्यायचे असते. घराची कायदेशीर स्थिती काय, मालकाची संमती आहे का, हे पालिकेने तपासायचे नाही. माणूस खरोखर तिथे राहतो का, एवढेच. झोपडीत राहणारा, घरच नसलेला, त्याचीही नोंद होते. काही नगरपालिका खोडा घालतात, पण कायदा रहिवाशाच्या बाजूने आहे. ब्रिटिश पेन्शनर आणि मोरोक्कोचा शेतमजूर एकाच वहीत. अशी प्रभागवार वही नवी मुंबईत का नसावी? गरजेपोटी घरांचा निकाल लागेल तेव्हा लागो, तिथल्या माणसाच्या रहिवासाची नोंद आज होऊ शकते. प्रभागातल्या नव्या नगरसेवकांपुढे ही मागणी लेखी ठेवायला हवी.

तोवर हातात आहे ते वापरू. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भांडण न करता त्यांना हे दाखवा, खर्च वाटून घ्या. दाखल्याचा अर्ज मुदतीत निघाला नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जाची पोचपावती मात्र जपून ठेवा, तिच्याशिवाय अपील उभे राहत नाही.

आणि विहारातल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. दाखल्यांची शिबिरे जूनमध्ये घेऊ नका, तोवर उशीर झालेला असतो. दिवाळीत मुले गावी जातात, त्याआधीच्या रविवारी त्यांना बसवा. प्रत्येकाची वंशावळ कागदावर काढून घ्या: कोणाचे आजोबा, चुलत आजोबा, आत्या कोणत्या शाळेत गेली. आजोबा शिकलेले नसले तरी त्यांचा धाकटा भाऊ चौथीपर्यंत गेलेला असतो, आणि त्याचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. गावी गेल्यावर पहिल्याच दिवशी तालुक्याला अर्ज टाकायचा. नक्कल मोडीत किंवा उर्दूत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि त्यातच महिना जातो.