फुली मारलीय तिथे सही कर

गृहकर्जाचे कागद तयार झाले की बँकेतला माणूस सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून देतो. पानं पुष्कळ असतात. नवरा तो गठ्ठा घरी आणतो, ओट्याशेजारी ठेवतो आणि म्हणतो, "फुली मारलीय तिथे सही कर." ती हात पुसते आणि एकेक पान उलटत सह्या करते. कर्ज किती, मुदत किती, व्याज वाढलं तर हप्त्याचं काय, हे विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "मी आहे ना!" त्या सह्यांनी ती सहकर्जदार होते. हप्ते थकले तर बँक तिच्याही दारात येऊ शकते, हे तिला कुणी सांगत नाही. आणि ही बाई निरक्षर नसते हो, पुष्कळदा एम.कॉम. असते.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्या कागदावर अंगठा उठवला तो त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हता. दीडशे वर्षांत आपण लेकीसुना शिकवल्या, त्याचा अभिमानही मिरवतो, आणि घरातल्या घरात सही मात्र त्याच रीतीने घेतो. सावकार निदान परका होता.

साधनं नव्हती म्हणावं, तर तीही सोय उरलेली नाही. कुणाच्या नावावर कोणतं कर्ज आहे, कुठला हप्ता चुकला, याचा संपूर्ण अहवाल देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक 'उमंग' ॲपवर दिसतं. घरखर्चाचा तक्ता मांडायला मोबाइलमधली साधी स्प्रेडशीट पुरते; नवराबायको दोघांच्या फोनवर ती एकाच वेळी उघडते. (खर्चाचा हिशेब ठेवतो म्हणून तुमचे सगळे मेसेज वाचायची परवानगी मागणारी 'फुकट' ॲप मात्र लांबच ठेवा.) दमडी लागत नाही. तरीही बायकोला नवऱ्याचा पगार शेजारणीकडून कळावा, अशी सुशिक्षित घरं आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत.

यातली लबाडी बघायची असेल तर बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही तिथली पंचसूत्री. सगळ्यांसमोर वही वाचली जाते. कुणी किती उचलले, किती फेडले, व्याज किती जमलं, सगळं मोठ्याने. चौथी शिकलेली अध्यक्षीण आकडा चुकला तर तिथल्या तिथे सचिवाला थांबवते. हीच बाई घरी परतली की तिला सोसायटीचं पीककर्ज किती थकलंय ते ठाऊक नसतं. गटाचे पैसे सांभाळायला लायक, घरचे विचारायला नालायक! २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे महिना पंधराशे रुपये थेट तिच्या खात्यावर येतात. पण त्या खात्याचा मेसेज कुणाच्या फोनवर वाजतो आणि पिन कुणाला पाठ आहे, हे आपापल्या घरात तपासून बघा.

या लपवाछपवीची किंमत मोजली गेलेली आहे. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतला पैसा रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातो. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. त्यातले सगळेच दडवलेले नसतील. पण वडील गेले, तेरावं झालं, कपाट उपसलं आणि फोन उघडतच नाही, हे दृश्य आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही? अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं. खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारीख यांसारखी एखादी ओळख टाकली की शोध घेता येतो; पैसे मागायला मात्र बँकेतच जावं लागतं. जिवंतपणी जे दोन मिनिटांत सांगता आलं असतं, ते मेल्यावर सरकारने शोधून द्यावं, अशी आपली व्यवस्था!

"बायकांच्या पोटात काही राहत नाही," "उगाच काळजी करत बसेल," "फसवणूक होईल," ही कारणं मी नेहमी ऐकतो. फसवणुकीचं खरं आहे. म्हणून पिन आणि ओटीपी कुणालाच सांगू नका, बायकोलाही नाही. पण कोणत्या बँकेत खातं आहे, विमा कुठला, देणं किती, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, ही यादी म्हणजे गुपित नव्हे. ती लपवण्याला आपण कर्तेपणा म्हणत आलो. ती सत्ता आहे, आणि घरातला हिशेब उघड्यावर आला की ती जाते, एवढीच भीती आहे.

बायांनो, आता मेहेरबानीची वाट बघू नका. तुमच्या नावाचा पतअहवाल मागवायला नवऱ्याची परवानगी लागत नाही. हा फुकटचा हक्क जानेवारी ते डिसेंबर असा मोजतात. ३१ डिसेंबरपर्यंत वापरला नाही, तर त्या वर्षाचा बुडाला.