ड्यूटी सुटल्यानंतरचा रस्ता

बंगळूरच्या शिवाजीनगर बस स्थानकावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहून पाहावे. कँटोन्मेंट स्टेशनवरची ड्यूटी संपवून आलेला रेल्वे कामगार, पोस्टाच्या बटवड्यावरून परतणारा पोस्टमन, रसेल मार्केटातला हमाल, अशी कितीतरी कष्टकरी माणसे येथून घराकडची बस धरतात. यांत बेळगाव, निपाणी, मिरज, सोलापूरकडून पोटासाठी इकडे आलेले आपले मराठी बांधवही आहेत. बस येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात पानपट्टीवर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा दिसतात, थोडे पुढे दारूच्या दुकानाचा दिवा दिसतो. बसायला बाक आणि प्यायला पाणी मात्र शोधावे लागते.

व्यसनावर बोलताना आपले पुढारी, साहेब आणि कीर्तनकार सगळे एकच सांगतात: मनाचा निग्रह करा. निग्रह हवाच. पण दहा-बारा तास राबून आलेल्या माणसाकडे संध्याकाळी निग्रह कितीसा उरतो? रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला २०१७ साली नोबेल मिळाले, ते काहीसे याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी. माणूस दर वेळी नफा-तोटा मांडून वागत नाही; समोर जे सोपे, जवळचे आणि सवयीचे असते तेच उचलतो. म्हणून बंदी किंवा दंड न करता समोरची मांडणीच अशी बदलायची की हात आपोआप बऱ्या गोष्टीकडे जाईल. याला इंग्रजीत ‘नज’ म्हणतात, म्हणजे कोपराने हलकेच ढोसणे. (मराठीत कोपरखळी म्हणावे तर तो टोमणा होतो!)

आमच्या मते ही विद्या विद्यापीठाच्या आधी दुकानदाराला ठाऊक होती. पूर्ण पाकिटाचे पैसे नसतील तर सुटी सिगारेट घे. बाटली परवडत नसेल तर नव्वद मिलिलिटरचा पुडा घे. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरक बंद झाला. पूर्वी तो प्लॅस्टिकच्या पाकिटातून विकला जाई. त्याची जागा स्वस्त व्हिस्कीच्या छोट्या पुड्यांनी घेतली. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली, तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत येऊ लागली. सुट्या सिगारेटी-विड्यांची विक्री महाराष्ट्रात २०२० पासून बंद आहे. ती कोठे कोठे चालते हे वाचकांना सांगायला नको. हे सगळे हलके धक्केच आहेत, फक्त उलट्या दिशेचे.

परदेशी पुस्तकांत सिगारेटवर पुष्कळ लिहिले आहे. आपले दुखणे थोडे वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के निघाले. रेल्वेत आणि सार्वजनिक कार्यालयांत विडी-सिगारेट ओढू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. धूर दिसतो, म्हणून थांबवता येतो. तळहातावर मळून ओठात ठेवलेली चिमूट दिसत नाही आणि ती ड्यूटीभर चालते. शिवाय तिच्यात मैत्री आहे. ‘चुना आहे का?’ एवढ्यावर अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होते. म्हणून आम्हाला वाटते, की आपल्याकडे पहिला धक्का दुकानात नाही, डबीपाशी द्यायला हवा. डबी ड्यूटीवर आणायची नाही, सहकाऱ्यापुढे करायची नाही, मागितली तर बडीशेप पुढे करायची. चार जणांच्या गँगने किंवा एका सॉर्टिंग टेबलाने मिळून हे ठरवले, तर नाही म्हणणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही.

दारूचे काय? शिवाजीनगरहून रेल्वेने काही तासांवर चेन्नई आहे. तेथील २२९ सायकल-रिक्षावाल्यांवर फ्रँक शिलबाख यांनी तीन आठवडे एक प्रयोग केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. संध्याकाळी केंद्रावर यायचे, यंत्रात फुंकायचे, शुद्धीत असाल तर जादा पैसे. बचतीसाठी प्रत्येकाला कुलूपबंद पेटी. त्या लोकांची बचत दीडपटीच्या आसपास गेली. आणखी विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की पैसे काहीसे कमी मिळाले तरी चालतील, पण न पिता आलो तरच द्या, असा सौदा कित्येकांनी आपण होऊन पसंत केला. ज्याला आपण ‘सुधारणार नाही’ म्हणून सोडून देतो, तो स्वतःला बांधून घ्यायला तयार होता!

पण प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवसाचे पिणे घटले, एकूण पिणे फारसे घटले नाही; ते रात्रीवर गेले. का पिता, असे विचारल्यावर अंगदुखी आणि थकवा ही कारणे पुढे आली. दिवसभर पायडल मारणाऱ्याची पाठ हलक्या धक्क्याने थांबत नाही. रात्रीमागून रात्री गाडी चालवणाऱ्याची झोपही नाही. म्हणून प्रशासनाने भिंतीवर चार रंगीत फलक लावून ‘आम्ही व्यसनमुक्ती केली’ म्हणावे आणि ड्यूटीचे तास, विश्रांतीगृहातील खाटा, रिकाम्या जागा यांचा प्रश्न बाजूला सारावा, हे आपण चालू देता कामा नये.

लोको पायलटला ड्यूटीवर चढण्यापूर्वी श्वासतपासणी द्यावी लागते. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे सवलत मागायची नाही. आपली मागणी एवढीच, की यंत्राने पकडण्याआधी जो स्वतः होऊन ‘मला मदत हवी’ म्हणतो, त्याला उपचार, रजा आणि कामावर परतण्याची वाट मिळावी. हे अशक्य नाही. याच बंगळुरात कर्नाटकच्या एस.टी. महामंडळाने निम्हान्स संस्थेच्या मदतीने दारूत अडकलेल्या कर्मचाऱ्यांवर उपचाराचा कार्यक्रम चालवला. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण केंद्र तर आपल्या घरचेच आहे.

पगाराचा दिवस सर्वांत निसरडा. येथे पोस्टातल्या बांधवांच्या हातात मोठे साधन आहे. आवर्ती ठेव खाते शंभर रुपयांपासून उघडते. पगार जमा झाला त्याच दिवशी रक्कम कापली जाईल अशी व्यवस्था एकदा केली, की दर महिन्याला निग्रह करायला नको. खाते पत्नीच्या नावे असेल तर अधिक बरे. फिलिपाइन्समध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांनी अशीच बचत सहा महिने ठेवली. तपासणीत नापास झाल्यास ती रक्कम दान जायची. खाते घेतले ते शंभरात अकरा जणांनी. ज्यांना हा पर्याय देऊ केला गेला, त्यांत सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा तीन टक्क्यांनी अधिक निघाले. आकडा लहान आहे. हजार कामगारांच्या डेपोत तो तीस घरे होतो.

शाखांनी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, आणि ज्यांना सोडायचे आहे अशांनाच आधी बोलू द्यावे. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो. २०१८ पासून तो छापणे सक्तीचे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल आणि बंगळूरच्या निम्हान्समधूनही ही सेवा चालते. पुडीवर तो बारीक अक्षरांत असतो. हजेरीच्या टेबलाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावायला एक खडू पुरतो.