जयंतीच्या फ्लेक्सवर गाणाऱ्याचे नाव किती इंचांचे?

दरवर्षी उन्हाळा तोंडावर आला की मोबाइलवर एक खेळ सुरू होतो. अमेरिकेत कोचेलाच्या मंचावर यंदा कोण, इंग्लंडात ग्लॅस्टनबरीला कोण, मुंबईत लोलापलूझावाले पुढच्या खेपेला कोणाला आणणार? पोस्टर निघाले की कोणाचे नाव वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात आणि कोणाचे तळाशी मुंगीएवढे, यावर आठवडाभर वाद चालतात. आपल्यातलेही अनेक तरुण या खेळात असतात आणि त्यात वावगे काही नाही. २०२३ साली दिलजीत दोसांझ कोचेलात पंजाबीत गायला तेव्हा आम्हीही तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला होता. त्या वर्षी कोचेला ज्या दिवशी सुरू झाला ती तारीख मात्र फार कमी जणांच्या लक्षात आली. १४ एप्रिल.

महाराष्ट्रातला सर्वात मोठा उन्हाळी संगीत महोत्सव कोणता, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर भीमजयंती हेच आहे. तिकीट नाही, मनगटाला बांधायचा पट्टा नाही, दारूच्या कंपनीचा पाण्याच्या नावाखाली लावलेला फलक नाही. गल्लोगल्ली मंच उभे राहतात आणि लाखो माणसे ऐकायला येतात. पण या महोत्सवात कोण गाणार, कोणाला बोलावले, कोणाला का वगळले, याची चर्चा कुठेच होत नाही. वर्तमानपत्रे करणार नाहीतच, त्यांना आपल्या जयंतीत फक्त वाहतूक कोंडी दिसते. पण आपण तरी कुठे करतो? म्हणून येत्या मोसमाची भाकिते आम्हीच करायला बसलो आहोत. भविष्यावर आमचा विश्वास नाही. मात्र जयंतीचे भाकीत करायला पंचांग लागत नाही, मागच्या वर्षीचे फ्लेक्स पुरतात.

जयंतीला संगीत महोत्सव म्हटलेले ज्यांना खटकते त्यांनी जरा मागे वळून बघावे. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती केली ती १९२८ साली. त्याच वर्षी मद्रासमध्ये म्युझिक अकादमी स्थापन झाली. तिकडे सभागृह झाले, आसने झाली, कोणी गायचे हे ठरवणारे मोजके लोक झाले. इकडे सत्यशोधक जलशांच्या वाटेवरून आंबेडकरी जलसे निघाले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरले आणि ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत चळवळ गाण्यातून पोचली. गाणे हा आपल्याकडे भाषणाआधीचा टाइमपास कधीच नव्हता, ते स्वतःच भाषण होते. आणि मोसमही केवढा लांब! ११ एप्रिलच्या फुले जयंतीला सुरुवात होते, मग १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १५ मे हा वामनदादा कर्डकांचा स्मृतिदिन, २७ मे हा रमाईंचा. खेड्यातल्या जयंत्या तर एप्रिल-मे भर पुढे पुढे सरकत असतात. त्याची कारणे अनेक, पण एक कारण असे की हव्या त्या गायन पार्टीची तारीख मिळालेली नसते. गायकासाठी सोहळ्याची तारीख हलवणारा दुसरा समाज आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता भाकीत. येत्या जयंतीच्या फ्लेक्सवर सर्वात मोठी अक्षरे कोणा गायकाची नसतील, इच्छुक उमेदवाराची असतील. त्याखाली त्याचे हात जोडलेले छायाचित्र, बाबासाहेबांच्या छायाचित्रापेक्षा किंचितच लहान. त्याखाली चाळीस पासपोर्ट आकाराचे चेहरे. मग डीजेचे नाव, तेही इंग्रजी वळणाच्या झगमगत्या अक्षरांत. आणि अगदी तळाला, मुद्रकाच्या नावाच्या थोडे वर, 'सायं. ७ वा. प्रबोधनपर भीमगीतांचा कार्यक्रम'. कोण गाणार? पत्ता नाही. 'सुप्रसिद्ध गायक आणि संच' एवढ्यावर काम भागते. मोठ्या शहरात एखादे टीव्हीवरचे नाव येईल, चाळीस मिनिटे ट्रॅकवर गाईल, त्यातली वीस मिनिटे सत्कारात जातील आणि समितीची निम्मी वर्गणी त्या एका संध्याकाळी संपेल. हे भाकीत खोटे ठरले तर आमच्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

इथे लगेच दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला येतात. 'बघा, आम्ही हेच म्हणत होतो, या लोकांची जयंती म्हणजे नुसता धिंगाणा.' त्यांना आधी बाजूला करू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० नंतर बंदी, आणि राज्याला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार. या पंधरा दिवसांतले सर्वाधिक दिवस कोणत्या उत्सवाला जातात हे जिल्हाधिकाऱ्यांच्या याद्या काढून बघावे. वर्षातल्या एका रात्रीच ज्यांचे कान दुखतात त्यांच्याशी आम्हाला संगीतावर चर्चा करायची नाही. डीजेबद्दलचे आमचे भांडण घरातले आहे आणि ते वेगळ्या कारणाचे आहे.

कारण असे की डीजे पैसा खातो आणि शब्द गिळतो. समजा एका वस्तीने दोन लाख वर्गणी जमवली. डीजे, लेझर, जनरेटर आणि ट्रक यांत सव्वा लाख गेले, मंडप आणि फ्लेक्समध्ये चाळीस हजार. उरले पस्तीस. त्यात एक गायक, एक गायिका, हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड आणि दोघे कोरसला, शिवाय गाडीचे भाडे. माणशी काय पडले ते भागून बघा. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले. तुमच्या समितीचे खरे आकडे तुमच्या पावतीपुस्तकात आहेत, ते मागा. ज्या कलावंतांचे वर्षाचे घर या दीड महिन्यावर चालते, त्यांना आपण रात्री दीड वाजता, खुर्च्या उचलताना, पाकीट देतो. ठरलेल्यापेक्षा कमी भरलेले. वर 'समाजाचे काम आहे, दादा, समजून घ्या.' डीजेवाल्याला कोणी समाजाचे काम सांगत नाही. त्याची सुपारी आधी पोचलेली असते.

शब्द गिळतो म्हणजे काय, तेही सांगायला हवे. भीमगीत हा अर्थाचा प्रकार आहे. वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले आणि मग हजारो गाणी लिहून गेले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, विठ्ठल उमपांची फेक, दोन पार्ट्यांचा रात्रभर चाललेला दुरंगी सामना, त्यात एकाने धम्मावर प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने इतिहासातून उत्तर द्यायचे. ही आपली वादविवादाची शाळा होती. समोरच्या बाईला कडवे समजले नाही तर ती उठून जायची, म्हणून कवीला नेमके लिहावे लागायचे. आता छातीत धक्के बसतात, पण कडवे ऐकू येत नाही. त्याच बेसखाली उद्या कोणी आपल्या विरोधातले चार शब्द घातले तरी नाचणाऱ्याला कळणार नाही.

आणि गीतकार? तो तर कोणत्याच यादीत नसतो. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाते, व्हिडिओ चॅनेलवाल्याच्या नावाने चालतो. कॅसेटच्या काळात कित्येक कवींनी एकरकमी पैशांत गाणी देऊन टाकली. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. ज्या माणसाने कायदा मंत्री म्हणून या देशाचे कायदे घडवले त्याच्यावर गाणी लिहिणाऱ्याला स्वतःच्या हक्काचा हा कायदा कोणी समजावून सांगत नाही. आमची पहिली आशा इतकी साधी आहे की तिला पैसेही लागत नाहीत. प्रत्येक गाण्याआधी निवेदकाने कवीचे नाव घ्यावे. बस्स.

नाव गाळले जाते तेव्हा काय होते हे तमिळनाडूच्या अरिवूने दाखवून दिले. 'एन्जॉय एन्जामी' २०२१ मध्ये जगभर गाजले. त्याचे शब्द अरिवूचे, आवाजही त्याचा आणि धी या गायिकेचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाने मुखपृष्ठ काढले त्यावर धी होती, शान व्हिन्सेंट द पॉल होता, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारले, गदारोळ झाला, मग अरिवूचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. आपण सगळ्यांनी तेव्हा संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पण मासिकाने एकदा केले ते आपल्या फ्लेक्सवर दरवर्षी होते, त्याचे काय?

बायकांबद्दल तर बोलायलाच नको, असे म्हणून समित्या खरोखरच बोलत नाहीत. यादीत एक गायिका असते, तिला रमाईचे एक गाणे आणि एक पाळणा मिळतो, उरलेला वेळ ती कोरसमध्ये. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांनी ज्या मंचावर गर्दी खेचून दाखवली त्या मंचावर आजही 'बाईच्या नावावर कार्यक्रम चालेल का' ही शंका विचारली जाते. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात कोणत्याही समितीच्या शिफारशीशिवाय मोबाइलवरून घराघरांत पोचल्या, तेव्हा चालेल का याचे उत्तर लोकांनी देऊन टाकलेले आहे. आमची आशा अशी की यंदा निदान तालुक्याच्या ठिकाणी तरी मुख्य कार्यक्रम बाईच्या नावावर लागावा. आणि मंचामागे कपडे बदलायला चार भिंती आणि एक स्वच्छ संडास असावा. हे वाक्य लेखात शोभत नाही असे वाटणाऱ्याने एकदा गायन पार्टीतल्या ताईंना विचारून यावे.

आणखी एक नाव असते जे यादीत लिहिले जाते आणि मग हळूच खोडले जाते. परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेले की 'वातावरण बघा, साधे गाणे ठेवा' असा सल्ला मिळतो. साधे म्हणजे ज्यात आजचा काळ नाही ते. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये विलास घोगरे आपल्यातून गेले. शीतल साठे गरोदर असताना २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर स्वतःहून अटकेला सामोऱ्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. शाहिराच्या गाण्याची धास्ती सरकारला वाटते. मग आपल्या समितीनेही तीच धास्ती घ्यायची? पोलिसांचा सल्ला हा आदेश नसतो. लेखी मागा, बघा किती वेळा लेखी मिळतो.

या सगळ्यावर 'पोरांना डीजेच पाहिजे' हे समितीचे ठरलेले उत्तर. पोरांना विचारले कधी? अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जात बोलतो, सौरभ अभ्यंकर म्हणजे १००आरबीएच टीव्हीच्या स्पर्धेत मराठी रॅप घेऊन गेला, कबीर शाक्यचा धम्म विंग्स गिटार-ड्रमवर बुद्ध-भीम गातो, पंजाबात गिन्नी माहीने त्याच ठेक्यावर जातीचे नाव अभिमानाने घेऊन दाखवले. बेस यांच्याकडेही आहे. फरक एवढाच की तिथे शब्द वर असतो. यातल्या कोणाला समोरच्या मैदानात बोलावले आणि त्याच मंचावर एखाद्या साठी ओलांडलेल्या कव्वालाला बसवून जुना दुरंगी सामना नव्याने लावला, तर पोरे रस्ता सोडून मंचासमोर येतात की नाही ते एकदा करून तर बघू.

हे स्वप्नरंजन नाही. चेन्नईत झाले आहे. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबरच्या, सभागृहांच्या संगीताला उत्तर म्हणून पा. रंजित यांच्या नीलमने २०२० पासून 'मार्गळियिल मक्कळिसै' म्हणजे मार्गळीत लोकांचे संगीत हा महोत्सव सुरू केला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आले होते, ते नावच अयोती दास पंडितांच्या विचारातून घेतलेले. गाना गाणारे, परै वाजवणारे, मृताच्या दारात गाणारे कलावंत तिथे नावानिशी आले. त्यांना महोत्सव नव्याने उभा करावा लागला. आपला तर १९२८ पासून उभा आहे, वर्गणी आपली, मैदान आपले, यादी करणारा हातही आपला. लोलापलूझाच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आपल्या पोराला दुपारी तीनच्या उन्हात वीस मिनिटे दिली म्हणून आम्ही जरूर भांडू. पण ज्या यादीवर आपली सही चालते तिच्यावर आधी बोलू.

जयंतीच्या समित्यांच्या पहिल्या बैठका आता लागतील. आमचे कार्यकर्ते आपापल्या वस्तीत जाऊन बसणार आहेत आणि विचारणार आहेत. गायन पार्टीला निम्मे पैसे आगाऊ दिले का? कवींची नावे निवेदकाच्या कागदावर आहेत का? गायिकेला वेळ किती? सत्काराला किती? जिथे तरुण समितीत आहेत तिथे त्यांनी हे आधीच विचारून ठेवावे, म्हणजे आम्हाला चहा पिऊन परत येता येईल. आणि फ्लेक्स छापायला टाकण्याआधी त्याचा नमुना वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. पट्टी घेऊन अक्षरे मोजायला आम्ही येतो.