कंग्राळीची माती आणि सागराचा तळ

बेळगावच्या वेशीवरील कंग्राळीचा सागरतळाशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. अरबी समुद्र तेथून सह्याद्रीपलीकडे शंभरेक किलोमीटरांवर. पण कंग्राळीचा पाऊस त्याच्याकडे पाठ फिरवतो. शिवारालगतची मार्कंडेय नदी घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. आज धरणे बरीचशी माती वाटेतच अडवतात. परंतु त्यापूर्वी लक्षावधी वर्षे दख्खनच्या पठाराची माती या वाटेने समुद्रात गेली आणि तेथे थरावर थर साचत राहिले.

हे थर मोजण्याचे साधन म्हणजे ध्वनी. जहाजामागून ओढत नेलेल्या हवेच्या तोफेतून दाबलेली हवा एकदम सोडली की पाण्यात लहरी उठतात. काही तळावर आपटून परततात, तर काही तळात शिरून खालच्या थरांवरून परततात. लांबलचक केबलमधील ध्वनिग्राहक हे प्रतिध्वनी टिपतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे तळावरचा प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर खोली ३००० मीटर. गाळात आणि खडकात ध्वनीचा वेग निराळा. तो आजमावला की थरांची जाडीही हाती येते.

समुद्राच्या पोटात दडलेला मैनाक पर्वत रामायणामुळे आपल्या परिचयाचा आहे. विज्ञानालाही असे पर्वत सापडले आहेत. अरबी समुद्रातील लक्ष्मी पर्वतरांग बऱ्याच अंशी गाळाखाली आहे. बंगालच्या उपसागरातील ८५ अंश पूर्व रेखांशाजवळची रांग उत्तरेकडे पूर्णपणे गाडली गेली आहे. नुसती खोली मोजून तेथे सपाट तळच दिसला असता. खालचा डोंगर दाखवला तो या लहरींनी.

या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. गावाला पिण्याचे पाणी पुरत नसताना सागरतळ कशाला मोजायचा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडच्या तळावर हक्क सांगायचा, तर पुरावा द्यावा लागतो. त्यातील एक कसोटी गाळाची आहे. भूखंडाच्या उताराच्या पायथ्यापासून जितके अंतर, त्याच्या निदान एक टक्का जाडीचा गाळ तेथे असला पाहिजे. दोनशे किलोमीटरांवर हक्क सांगायचा तर दोन किलोमीटर गाळ दाखवावा लागतो. शिवाय खोल महासागरातील पर्वतरांग भूखंडाचा भाग ठरत नाही. म्हणून डोंगराचे कूळही सिद्ध करावे लागते. भारताने ११ मे २००९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे आपला अंशतः दावा मांडला. असा दावा भाषणांनी उभा राहत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजमापे लागतात.

सीमाभागातील माणसाला नकाशावरील रेषेचे मोल नव्याने सांगायला नको. जमिनीवरच्या रेषा माणसांनी कागदावर ओढल्या; समुद्रातली रेषा मात्र गाळाच्या साक्षीने ओढली जाते. ती साक्ष वेळेवर नोंदवली नाही, तर पुढच्या पिढीला पश्चात्तापाखेरीज काही उरणार नाही.

१९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आज आपल्या दारातील दोनापावला येथे उभी आहे. ‘गवेषणी’पासून ‘सिंधु साधना’पर्यंतची संशोधन जहाजे तिने चालवली. तेल किंवा वायू हाती लागला की या विद्येचा जयजयकार होतो; एरवी तिच्यावरचा खर्च डोळ्यांवर येतो. ही वृत्ती सोडली पाहिजे. सरकारने या सर्वेक्षणांना अखंड पैसा पुरवावा, आणि शास्त्रज्ञांनी त्यांतून जे कळले ते नकाशांसह सुबोध मराठीत जनतेपुढे ठेवावे. कंग्राळीच्या शाळेतील मुलाला आपल्या ओढ्याचे गढूळ पाणी कोठे जाते हे ठाऊक असते. त्या पाण्यातील मातीने देशाची सीमा ठरते, हेही त्याला कळले पाहिजे.