कोपऱ्यातल्या आत्याबाई

फोटोत कडेला उभं राहण्याचा मान आमच्या घराण्यात आत्याबाईंचा. "मी आपली इथंच बरी," म्हणत त्या पदर सावरून सरकायच्या. 1977 च्या नाथषष्ठीला पैठणच्या घाटावर आम्ही अकरा जणांनी आग्फा क्लिक थ्रीपुढं श्वास रोखला, तेव्हाही त्या कोपऱ्यातच होत्या.

फोटो मोठा करायला एका स्टुडिओत दिला. आठ दिवसांनी आला तो मधोमध काका ठसठशीत आणि चारही कोपऱ्यांत पांढरं धुकं! आत्याबाईंचा फक्त लुगड्याचा काठ शिल्लक.

"घाटावर धुकं असेल," फोटोवाले म्हणाले. फाल्गुनात, पैठणला, भर दुपारी धुकं! मी निगेटिव्ह उजेडात धरली. आत्याबाई जागच्या जागी.

गडबड एन्लार्जरच्या डोक्यात होती. दिव्याखालची दोन जाड भिंगं, म्हणजे कंडेन्सर, उजेड गोळा करून निगेटिव्हभर पसरतात. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुरायला हवा. म्हणून निगेटिव्हची रुंदी नव्हे, कर्ण मोजायचा. (कर्ण भूमितीतही उपेक्षितच!) 35 मिलिमीटर फिल्मच्या चित्राचा कर्ण 43 मिलिमीटर, आमच्या सहा बाय सहा सेंटिमीटरवाल्याचा सुमारे 80. धाकट्याचं झबलं थोरल्याला चढवलेलं! उजेड पोचला नाही तिथं कागद कोराच राहणार.

"मोठा दिवा लावतो," म्हणून त्यांनी 75 वॅटचा काढून 150 चा लावला. काका कोळशासारखे काळे झाले, आत्याबाई धुक्यातच. अहो, उजेड किती हा प्रश्नच नव्हता. कुठवर, हा होता.

"सगळ्यांना हाच कंडेन्सर चालतो. थोडं अॅडजस्ट करा." माझं भांडण आहे ते या वाक्याशी. मधले काका कधी अॅडजस्ट करत नाहीत. ते नेहमी कडेच्यांनीच करायचं असतं.

पुढं तेव्हाच्या औरंगाबादेत एकांनी मोठा कंडेन्सर आणि 75 मिलिमीटरचं भिंग लावून तोच फोटो काढून दिला. आत्याबाई स्वच्छ आल्या. चक्क हसत होत्या. पण दाखवायला त्या राहिल्या नव्हत्या. त्यांचा दुसरा फोटो आमच्याकडं नाही.

परवा नातवानं तीच निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली. झाकणातला उजेडाचा पट्टा 35 मिलिमीटरपुरताच.

"आजोबा, कडेचं थोडं कापलं तर चालेल?"

नाही चालणार! आधी स्कॅनर बदल.