दुवा म्हणजे पुरावा नव्हे

१/१६ #धागा
सॉफ्टवेअरच्या बहुतेक पॅकेजेसच्या माहितीत ‘रिपॉझिटरी’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक दुवा. मूळ सोर्स कोड तिथे आहे, असे तो दुवा सांगतो. जग त्यावर विसंबून राहते. हा विश्वास किती अनाठायी आहे, हे गेल्या दहा वर्षांच्या घटना दाखवतात.

२/१६
आधी व्यवहार. माणसाने लिहिलेला सोर्स कोड, प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, रिपॉझिटरीत राहतो. इतरांच्या वापरासाठी त्यातून जे गाठोडे बांधतात ते पॅकेज. एनपीएम, पायपीआय ही पॅकेजेसची कोठारे. वापरणारा कोठारातून गाठोडे उचलतो. रिपॉझिटरीपर्यंत क्वचितच कोणी जातो.

३/१६
या दोहोंना जोडणारा दुवा कोण लिहितो? पॅकेज प्रसिद्ध करणारा स्वतःच. त्या रकान्यात तो कोणाच्याही रिपॉझिटरीचा पत्ता घालू शकतो. कोठाराने पडताळणी केली नसेल, तर तो केवळ एक दावा ठरतो. त्यावर कोणाचाही शिक्का नाही.

४/१६
भामट्यांनी हे केव्हाच ओळखले. स्वतःच्या घातक पॅकेजच्या माहितीत एखाद्या नामांकित प्रकल्पाचा दुवा द्यायचा, म्हणजे त्या प्रकल्पाला मिळालेले पसंतीचे तारे आपल्या नावापुढे झळकतात. या लबाडीला ‘स्टारजॅकिंग’ असे नावही पडले आहे.

५/१६
इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा अस्सल पत्रांसमोर बखरी किती डळमळीत ठरतात हे दाखवून दिले. कागद कोणाचा, केव्हाचा, कोणत्या हातांतून आलेला? हीच कसोटी पॅकेजलाही लावावी.

६/१६
२०१८. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचे दुसरे पॅकेज त्यात जोडले. लक्ष्य होते ‘कोपे’ या बिटकॉइन पाकिटातील पैसे. घातक मजकूर एनपीएमवरील प्रतीत होता. गिटहबवरील कोडात तो नव्हताच.

७/१६
२९ मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. शोध घेता ‘एक्सझेड’ या फाइल-संक्षेपाच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी आधी दोनेक वर्षे काम करून विश्वास संपादन केला होता.

८/१६
या कटाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. घातक मजकूर चाचणीच्या फाइलींच्या वेषात रिपॉझिटरीतच ठेवला होता. मात्र त्याला जागे करणारी बांधणीची फाइल केवळ प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होती. दुव्यावर जाऊन कोड वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती.

९/१६
‘कोड खुला आहे, हजारो डोळे तो पाहतात,’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. डोळे होते रिपॉझिटरीवर. संगणकांवर चालत होते गाठोडे. अस्सल आणि नक्कल ताडून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. चोरी उघडकीस आली ती एका माणसाच्या चौकसपणामुळे, व्यवस्थेमुळे नव्हे.

१०/१६
दुसरा दोष: दुवे मरतात. गूगल कोड ही सेवा २००६ साली सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली. गिटोरियस गिटलॅबने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी बंद केले. जुन्या पॅकेजेसच्या माहितीत ते पत्ते तसेच राहिले. सोडून दिलेले खातेनाव दुसऱ्याने बळकावले, तर जुना दुवा थेट परक्याच्या दारी नेतो.

११/१६
खासगी कंपनीचा पत्ता म्हणजे दप्तरखाना नव्हे. एक्सझेडचे प्रकरण उघड होताच गिटहबने ती रिपॉझिटरीच काही काळ बंद केली. हेतू संरक्षणाचा असेल. परंतु पुरावे तपासण्याच्या ऐन वेळी दप्तराला कुलूप लागले.

१२/१६
मग उपाय नाहीत का? आहेत. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे सार्वजनिक संग्रहालय उभे केले. तिथे कोडची ओळख पत्त्यावरून नव्हे, तर मजकुरावरूनच गणिताने काढलेल्या ठशावरून पटते. अक्षर बदलले की ठसा बदलतो. २०२५ साली ही पद्धत आयएसओ मानक झाली.

१३/१६
डेबियनसारखे प्रकल्प ‘पुनरुत्पाद्य बांधणी’साठी झटत आहेत: त्याच कोडमधून कोणीही बांधले तरी बाइट न् बाइट तेच गाठोडे निघाले पाहिजे. पॅकेज कोणत्या कोडमधून बांधले याची सहीनिशी नोंद २०२३ पासून एनपीएमवर देता येते. पायपीआय तर पडताळलेली आणि न पडताळलेली माहिती वेगवेगळी दाखवते. ‘हे अशक्य आहे’ ही सबब संपली.

१४/१६
‘स्वयंसेवकांवर किती ओझे लादणार?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. एक्सझेडचा मूळ सांभाळकर्ता एकटाच होता आणि थकलेला होता. त्याचाच फायदा घेतला गेला. म्हणून ओझे कोठारांनी आणि या फुकट श्रमांवर चालणाऱ्या कंपन्यांनी उचलावे. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचे आहे; एनपीएम २०२० पासून गिटहबचे. कोठार आणि दप्तर एकाच मालकाचे असताना ताळा जमत नाही, हे कोणी मानावे?

१५/१६
अस्सल पत्रातही खोटे लिहिलेले असू शकते, हे खरे. पण कोणते पत्र वाचायचे हेच ठाऊक नसेल, तर खोटे पकडणार कसे? म्हणून किमान तीन गोष्टी हव्यात: न पडताळलेल्या दुव्यावर तसे ठळक लिहावे, लाखो लोक वापरतात त्या पॅकेजेसना उगमाची सही सक्तीची करावी, मूळ कोडची एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवावी.

१६/१६
आजची रुग्णालये, बँका, सरकारी कचेऱ्या या कोडवर चालतात. उद्याच्या इतिहासकाराला या काळाचे साधन म्हणून हाच कोड लागेल. त्याच्या हाती मेलेले दुवे आणि बिनसहीची गाठोडी पडली, तर दोष काळाचा नसेल. पडताळणी टाळणाऱ्या आजच्या कोठारवाल्यांचा आणि ती न मागणाऱ्यांचा असेल.

#इतिहास #मराठी #धागासमाप्त