जुना कागद, त्या काळचा अर्थ

‘शाळेतून बोनाफाईड काढून आण,’ असे घरोघरी सांगितले जाते. मूळ लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘सद्भावनेने’. इंग्रजीत तो ‘अस्सल’ झाला आणि आपल्याकडे विद्यार्थ्याच्या दाखल्याचे नावच ‘बोनाफाईड’ पडले. त्यात कुणाचे नुकसान नाही. शब्द वापरणाऱ्यांचा होतो. नुकसान होते ते जुन्या कागदातल्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवल्याने. जालना जिल्ह्याने आज याची काळजी घ्यायला हवी.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारी कारभार आधी फारसीत, नंतर उर्दूत चाले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या २०२३ मधील मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर निजामकालीन कुणबी नोंदींसाठी दप्तरे उघडली गेली. आरक्षणाबद्दल मत काहीही असो, कागद नीट वाचला जावा याबद्दल दुमत नसावे.

सुभेदार म्हटले की आपल्याला लष्करातला हुद्दा आठवतो. हैदराबाद संस्थानात मात्र तो अनेक जिल्ह्यांवरचा मुलकी अधिकारी होता. अवधचा तालुकदार म्हणजे बडा जमीनदार, तर निजामाचा अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख, आजचा जिल्हाधिकारी. आताच वापरलेला ‘मुलकी’ हा शब्दही तसाच. आपण तो ‘लष्करी’च्या विरुद्ध अर्थाने वापरतो; हैदराबादेत ‘मुल्की’ म्हणजे संस्थानचा रहिवासी, आणि सरकारी नोकरीचा हक्क त्यावर ठरे. ‘राजीनामा’ तर सर्वांत जपून वाचावा. आज तो पद सोडण्याचा कागद. उर्दू दस्तात तो दोन पक्षांमधला समझोता, आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात खातेदाराने जमीन सोडल्याचा लेख. भांडण मिटले होते की जमीन गेली होती, हे या एका शब्दाच्या वाचनावर ठरते.

म्हणून भाषांतरित नोंदीत मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवावा. शेजारी त्याचा त्या काळचा अर्थ, कागदाचे वर्ष आणि कचेरी लिहावी. मराठवाड्याच्या महसुली शब्दांचा कोश तयार करून प्रत्येक तहसील कार्यालयात ठेवावा. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, १९२५ मध्ये माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. तेव्हा हे काम मराठीला नवे नाही. उर्दू आणि मोडी वाचू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना मानधन देऊन तरुणांना शिकवायला बसवावे. ज्या कागदावर माणसाची जमीन किंवा जात ठरते, त्याचा अर्थ अंदाजाने लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.